एउसेबियोची शेवटची आठ पिंपं

सून घरात येऊन सहा वर्षं झाली, पण हातात झाडू घेऊन ती तळघरात उतरलीय असं कासिल्दाला एकदाही दिसलं नव्हतं. वर स्वयंपाकघरात ठीक होती. भांडी घासायची, फरशी पुसायची, खिडक्यांच्या काचाही करायची, कासिल्दाच्या मानानं अर्ध्याच. पण खाली, जिथं घराचं नाव पिंपांत झोपलेलं, तिथं भिंतींवर बोटभर काळी बुरशी, कमानीतून लोंबणारी कोळिष्टकं, आणि ही बाई चर्चमध्ये फिरावं तशी त्यातून हळूहळू फिरायची. हटकलं की अदबीनं 'दोन्या' लावून म्हणायची, "दोन्या कासिल्दा, ती बुरशी ओल धरून ठेवते. आणि बुचं पोखरणारे पतंग असतात ना, ते कोळी खातात. असू द्या."

"तुमच्याकडे असू द्या," कासिल्दा म्हणायची. "तुमच्या गालिसियात वाइन पांढरी, तीही वर्षाच्या आत चिनी मातीच्या वाडग्यातून पिऊन मोकळे. तळघराचं तुम्हाला काय अप्रूप असणार."

यावर उशीया नुसती हसायची. ते हसणं ही कासिल्दाची आणखी एक तक्रार. भांडायला आलेल्या माणसासमोर हसणं म्हणजे त्याला बसायला खुर्ची न देणं, असं तिचं मत होतं.

खरं तर बुरशीबद्दल तिचा नवरा एउसेबियोही तेच सांगायचा. भिंतींना हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. चाळीस वर्षं कासिल्दानं तो पाळला, कारण तळघर त्याचं होतं आणि वरचं घर तिचं. तिच्या उंबरठ्यावर भाकर ठेवून खावी, असं गावात बोललं जायचं आणि ते बोललेलं तिला कळेल अशी व्यवस्थाही ती ठेवायची.

आपल्या शेवटच्या ऑक्टोबरात एउसेबियोनं तेम्प्रानीयो द्राक्षांचे घड दगडी हौदात ओतले, पाय धुऊन विजार मांड्यांपर्यंत वर केली आणि बाहत्तराव्या वर्षी स्वतः तुडवायला उतरला. मग वर ग्रासियानोच्या पाच पाट्या टाकायला लावल्या. ही जात आंबट, उशिरा पिकणारी, कमी लोक लावतात. "हिला म्हातारपणी दात हवेत," तो म्हणाला. रस हौदात खदखदून शांत झाला, पिंपांत भरला, फेर्मिननं, म्हणजे त्याच्या मुलानं, प्रत्येक पिंपावर खडूनं 'ए' काढला. आठ पिंपं झाली. "ही ग्रान रेसेर्वा होईल," एउसेबियोनं सांगून टाकलं. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्यानं हे फक्त तीनदा म्हटलं होतं. ग्रान रेसेर्वा म्हणजे दोन वर्षं लाकडात, तीन वर्षं बाटलीत, आणि पाच वर्षांनी जगाला तोंड दाखवायचं. तेव्हा लेबलावर त्याचं नाव असेल. पिंपं भरून आठवडा झाला नव्हता तोच तो जेवून उठता उठता पुन्हा खुर्चीत बसला आणि गेला.

तेव्हापासून तळघराची किल्ली कासिल्दाच्या कमरेला आली. आणि वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढताना धरायची मेणबत्तीही.

वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेनंतर चार माणसं एक एक पेला घ्यायला खाली उतरली होती. समोरच्या घरातली प्रिस्का त्यात होती. तिनं रुमाल नाकाला लावला. एवढंच करून थांबली असती तरी चाललं असतं. "कासिल्दा," ती म्हणाली, "एउसेबियो गेल्यापासून इथं केरसुणी फिरलेली दिसत नाही हो."

त्या शनिवारी फेर्मिन आणि उशीया मळ्यात छाटणीला गेल्यावर कासिल्दा बादली घेऊन खाली आली. भिंतींना तिनं बोट लावलं नाही, नियम म्हणजे नियम. पण जमिनीचा नियम नव्हता. पिंपं ज्या लाकडी तुळयांवर आडवी ठेवलेली असतात, त्या तुळयांचाही नव्हता. तिनं बादलीत दोन बोटं ब्लीच टाकलं, जसं ती जिन्याला, मोरीला, ओट्याला घालायची, आणि गुडघ्यांवर बसून त्या आठ पिंपांखालच्या तुळया घासून काढल्या. पलीकडच्या बोळात तरुण वाइनची पिंपं होती. ती तशीच ठेवली. तिला नवऱ्याचं घर स्वच्छ करायचं होतं, सगळ्या जगाचं नाही.

मग दर शनिवारी. उशीयानं एकदा सांगितलं होतं की तळघरात ब्लीचचा थेंबही नको, लाकूड ते पितं. फेर्मिननं मान हलवली होती. कासिल्दानं ते आळशी बाईचं कारण म्हणून सोडून दिलं. तरी बाटली मात्र ती आठव्या पिंपामागे गोणपाटाखाली ठेवायची. एकदा उशीयानं विचारलं, "या तुळया कोण पुसतं?"

"गरम पाण्यानं पुसते मी. सवड असली की."

"आभारी आहे, दोन्या कासिल्दा," उशीया म्हणाली. खरंच आभार मानले तिनं.

पिंपं भरून दोन वर्षं उलटल्यावरच्या मार्चमध्ये, बाटल्या भरण्याच्या आधी, शेवटचं पिंप-पालट होतं. फेब्रुवारीत प्रत्येक पिंपात पाच अंड्यांचं पांढरं फेटून घातलं होतं, म्हणजे ते तरंगणारी घाण पोटाशी धरून तळाला बसतं. पिवळ्या बलकांची बादली रिवाजाप्रमाणे मठातल्या धर्मभगिनींकडे गेली होती. चंद्र उतरता होता, वारा उत्तरेचा, कांताब्रियाच्या डोंगरावरून येणारा, कोरडा. असा वारा असला की गाळ जागचा हलत नाही. दक्षिणेचा वारा सुटला तर एउसेबियो मजुरांना जेवू घालून परत पाठवायचा.

ओनोरातो आला होता. तो शेजारचा, एउसेबियोच्या बरोबरीनं पन्नास वर्षं पिंपं हलवलेला, आता गुडघे गेलेला. फेर्मिननं रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळून ते तयार ठेवलं. पिंपाच्या तोंडाखालचं लाकडी बूच काढून तोटी ठोकली. वाइन पातळ लाल दोरीसारखी पडू लागली. कासिल्दा स्टुलावर बसली, एका हातात पेला, पेल्यामागे मेणबत्ती. दर मिनिटाला पेल्यात थोडी धरायची आणि ज्योत त्यातून बघायची. ज्योत स्वच्छ दिसते तोवर चालू. ज्योतीपुढून धुराची रेघ गेल्यासारखी दिसली की म्हणायचं "बस." तो गाळ. त्याच्या आधीची सगळी वाइन नव्या पिंपात, नंतरची बाहेर. असं दोन वर्षांत चार वेळा केलं, की वाइनमध्ये वाइनच तेवढी राहते. हे काम घराच्या मालकाचं. दुसऱ्या कुणी "बस" म्हणायचं नाही.

"बस," कासिल्दा म्हणाली. तोटी बंद झाली. तिनं पेला ओनोरातोकडे दिला. सप्टेंबरातल्या पालटाला त्यानं पेल्याला वास येतो म्हणून कुरकुर केली होती आणि सगळे पेले पुन्हा धुतले होते.

ओनोरातोनं नाकाशी धरला. मग पेला फिरवला, पुन्हा धरला. तोंडात घेतली आणि बादलीत थुंकली. मग पेला उशीयाकडे दिला. कासिल्दाला ते आवडलं नाही, आधी फेर्मिनकडे द्यायला हवा होता.

"ओला पुठ्ठा," उशीया हळूच म्हणाली.

"पावसात भिजलेलं पोतं," ओनोरातो म्हणाला. "दुसरं उघडा."

दुसरं तसंच. तिसरं जरा जास्त. आठव्याला ओनोरातो नाक जवळही नेईना. फळ नव्हतं, मसाला नव्हता, ग्रासियानोचे दात नव्हते. एखाद्या बंद घरातल्या कपाटात डोकं घातल्यासारखं. पलीकडच्या बोळातल्या तरुण पिंपातली थोडी काढून बघितली, ती ठणठणीत.

फेर्मिन पिंपाला टेकून खाली बसला. "बाबांची," एवढंच म्हणाला.

कासिल्दा उठली. तिच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण बोटांवर पडत होतं. "मी ओरडून ओरडून थकले," ती म्हणाली. "भिंती बघा. सहा वर्षं सांगतेय, पुस, पुस. बुरशी भिंतीवरून उतरून पिंपात गेली. हिच्या आळसानं गेली. त्याची वाइन हिनं घालवली."

"कासिल्दा," ओनोरातो म्हणाला, "त्या भिंती तुझ्या सासऱ्याच्या काळापासून तशाच आहेत."

"तू गप्प बस, तुझे गुडघे सांभाळ."

उशीया खाली वाकली होती. एका तुळईला तिनं नाक लावलं. मग उठून, कुणा एकाकडे न बघता, विचारलं, "इथं कुणी ब्लीच वापरलंय का?"

तोटीतून एक थेंब पडला.

"या घरात ब्लीच मोरीत असतं," कासिल्दा म्हणाली.

तिला वाटत होतं ते हेच: ब्लीचनं माणसं घरं धुतात, दवाखाने धुतात, त्यानं काय होणार. मग खोटं का बोलले, हा प्रश्न जिना चढताना तिसऱ्या पायरीवर तिला गाठून उभा राहिला. तिनं त्याला बाजूला ढकललं आणि वर आली. आगीवर बटाटे आणि चोरिसो सॉसेज रटरटत होते. तिनं सगळ्यांना वाढलं. उशीयाला सगळ्यात आधी वाढलं आणि का ते तिला कळलं नाही.

नमुना लोग्रोन्योच्या प्रयोगशाळेत गेला. निकालाला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत कासिल्दानं गाव पेटवलं. बेकरीत पाव घेताना, चर्चच्या पायऱ्यांवर, मिरच्यांचं रोप आणायला गेली तिथंही. "बाहेरची पोरगी. झाडू धरायला नको. भिंतींवर जंगल वाढवलं, आणि आता ए-उ-से-बि-यो-ची वाइन," असं ती नाव तोडून तोडून म्हणायची. बायका च् च् करायच्या. प्रिस्का तर रोज नव्यानं ऐकायला यायची. सांगताना कासिल्दाला बरं वाटायचं. घरी आल्यावर बरं वाटायचं नाही, म्हणून ती पुन्हा बाहेर जायची.

पाकीट आलं तेव्हा घरात तीच होती. मठाच्या शाळेत ती तीन वर्षं गेली होती. अक्षरं तिला यायची, पण एकेक करून, दारात उभ्या पाहुण्यांसारखी. तिनं चष्मा लावला, बोट ठेवलं. आकडे सोडून दिले. खाली एका माणसानं हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या, तिथं बोट थांबलं. लाकडावर क्लोरीन पडलं आणि तिथं बुरशी असली, तर असा वास तयार होतो. हवेतून पिंपात जातो. वाइन विषारी नाही, पण सुधारणार नाही. तळघरात ब्लीच वापरलं जातं का, ते बघावं.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. अक्षरं पहिल्यांदा बरोबर वाचली होती.

मग ती खाली गेली. दिवा न लावता गेली, रस्ता तिला पाठ होता. आठव्या पिंपामागे गोणपाट होतं. खाली हात घातला. बाटली नव्हती. गोणपाट झटकलं, सातव्यामागे बघितलं, गुडघ्यांवर बसून तुळईखाली हात फिरवला, जिथं दर शनिवारी ती बसायची तिथंच. लाकूड गार होतं आणि स्वच्छ. तिच्या हातांनी केलेलं स्वच्छ. ही आठच पिंपं तिनं धुतली होती. फक्त ही आठ. जगातली बाकी सगळी वाइन तिच्या मायेतून वाचली होती.

कुणीतरी बाटली उचलली होती, म्हणजे कुणालातरी माहीत होतं.

ओनोरातो त्याच्या ओसरीवर काठी घेऊन बसला होता. ती बसण्याआधीच त्यानं तिच्या हातातला कागद बघितला.

"तू पाठवलंस ना तिला शोधायला," कासिल्दा म्हणाली.

"कुणाला?"

"सोंग नको, ओनोरातो. बाटली."

त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "पिंप-पालटाच्या दुसऱ्या दिवशी उशीया आली माझ्याकडे. पिशवीत बाटली होती. मी म्हटलं, जा आणि कासिल्दाच्या पुढ्यात आपट. तुला कुत्र्यासारखं बोलली ती सगळ्यांदेखत."

"मग?"

"म्हणाली, त्या बाईचा नवरा त्या पिंपांत आहे, ओनोरातोकाका. तिनंच त्याला तिथं घालवलं, हे तिला मी सांगायचं का. आणि बाटली कचऱ्यात टाकून मळ्यात गेली."

कासिल्दाचे कान तापले होते, लहानपणी मठात धर्मभगिनीनं कान धरून उभं केल्यासारखे. आठ दिवस. बेकरी, चर्चच्या पायऱ्या, मिरच्यांची रोपं. आठही दिवस उशीयाला माहीत होतं आणि संध्याकाळी घरी येऊन ती विचारायची, "दोन्या कासिल्दा, गुडघे कसे आहेत आज?" आपण गुडघ्यांवर काय करतो ते माहीत असून.

"जेवलीस का?" ओनोरातोनं विचारलं.

"मला भूक नाही."

"एउसेबियोला राग आला असता का?"

तिनं कागदाची घडी घातली. "वाइनचा आला असता. दोन दिवस," ती म्हणाली. "खोटं बोलल्याचा गेला नसता."

घरी येऊन तिनं कागद फेर्मिनसमोर टेबलावर ठेवला. त्यानं वाचला. आईकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "दारूच्या भट्टीवाल्याला फोन कर. टँकर बोलव." ब्लीच कुणी वापरलं, ते तिनं सांगितलं नाही. फेर्मिननं विचारलं नाही. त्याला कळलं होतं की नाही, हेही तिला कळलं नाही. ते दोन दिवस ती त्या घरात पाहुण्यासारखी वावरली. उशीयानं ताटात वाढलेलं खायचं आणि नजर ताटात ठेवायची.

शुक्रवारी टँकर आला. गल्ली अरुंद, त्यामुळे तो प्रिस्काच्या दारातच उभा राहिला आणि प्रिस्काही. तळघराच्या झरोक्यातून नळी बाहेर आली होती. उशीया नळी धरून उभी होती, रबरी बूट घालून. फेर्मिन खाली पंपाशी. ओनोरातो काठीवर. आणखी पाचसहा जण, कारण गावात ग्रान रेसेर्वा भट्टीला जाताना कुणी रोज बघत नाही. नळी थरथरली आणि वाइन जाऊ लागली. तिचा रंग अजून सुंदर होता. विटेवर उन्हाची तिरीप पडावी तसा, कडेला जरा पिवळसर, म्हातारपण नुकतं सुरू झालेलं.

आठवं पिंप चालू असताना प्रिस्का म्हणाली, हळू बोलल्यासारखं करून गल्लीभर ऐकू जाईल असं, "बिचारी कासिल्दा. बाहेरची पोरगी आणली की हे असं. तूच म्हणालीस ना, झाडू धरायला नको तिला."

कासिल्दाचेच शब्द. अगदी तिच्याच चालीत, तिनं शिकवल्यासारखे. तिनं उशीयाकडे बघितलं. उशीयाचे कान लाल झाले होते, पण ती नळीकडेच बघत होती, जणू नळी नवीन पाहिली. हसत नव्हती.

कासिल्दानं एप्रनला हात पुसले, जरी ते कोरडे होते, आणि आपल्या उंबरठ्यावरून रस्त्यात उतरली. इतक्या माणसांत ती कधी चुकलेली नव्हती. कसं उभं राहायचं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नेहमी उभी राहायची तशीच राहिली, कमरेवर हात ठेवून, किल्ली मुठीत धरून.

"उशीया," ती म्हणाली. "नळी ओनोरातोकडे दे आणि माझ्याकडे बघ."

उशीयानं नळी दिली आणि बघितलं.

"वाइन मी घालवली. ब्लीचनं. दर शनिवारी तुम्ही मळ्यात गेलात की तुळया धुवायची. तू नको म्हटलं होतंस, आणि तू विचारलंस तेव्हा मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. मोठ्यानं सांगतेय कारण गावात मी मोठ्यानंच उलटं सांगितलंय, आणि प्रिस्काला कमी ऐकू येतं." तिचा आवाज इथं फाटला. तिनं खाकरून तो जागेवर आणला. "पण तूही चुकलीस, पोरी. माझी घाण माझ्या पाठीमागे टाकलीस आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिलीस. माझी कीव केलीस. ती करायची मुभा या घरात एकाच माणसाला होती आणि त्याचं काय झालं ते तू आता टँकरात बघतेयस. यापुढे मी चुकले की जिथं असेन तिथं, तोंडावर सांगायचं, जेवत असले तरी. ही किल्ली घे. भिंतींना कुणी हात लावणार नाही, मीही नाही. आणि सप्टेंबरात मेणबत्ती तू धरायची, 'बस' तू म्हणायचं. मी बादली उचलीन. साध्या पाण्याची."